सोळावा मुलगा

सकाळपासून भुरभुर चालू होती. चौदा वर्षांखालच्या मुलांचे तालुका पातळीवरचे फुटबॉलचे सामने होते. दौंड तालुक्यातलं मैदान, काळी माती, गोलपोस्टच्या पुढ्यात घोटा बुडेल एवढा चिखल. आम्ही २-१ ने जिंकलो. मुलं टमटममध्ये चढत होती, नुसता दंगा चालला होता. चेंडूंची जाळी उचलायला मी मागे वळलो, तर आमचा सोळा नंबरचा मुलगा गोलपोस्टजवळ एकटाच उकिडवा बसलेला दिसला. मूठभर चिखल घेऊन तो जर्सीच्या पोटावर चोळत होता, मग गुडघ्यांवर. मला बघून त्याने हात मागे घेतला आणि म्हणाला, "आई विचारेल ना सर."

त्याची आई कुरकुंभला कंपनीत पॅकिंगच्या कामाला जायची. आदल्या रात्री तिने ती जर्सी धुऊन पंख्याखाली वाळवून दिली होती.

त्या सामन्यात मी त्याला एक मिनिटही खेळवलं नव्हतं. गडबडीत राहून गेलं, अशी मी तेव्हा मनाची समजूत घातली. ते खरं नव्हतं. शेवटची दहा मिनिटं उरली असताना तो शीनगार्ड लावून दोनदा माझ्यापुढे येऊन उभा राहिला होता आणि दोन्ही वेळा मी "थांब रे" म्हणालो होतो. २-१ चे २-२ झाले तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आज त्या स्पर्धेत पुढे आमचं काय झालं ते मला नीट आठवत नाही. तो चिखल मात्र आठवतो.

आधी शिरूर आणि मग दौंड, अशा दोन तालुक्यांत मिळून माझी वीसेक वर्षं पीटीच्या तासात आणि मैदानाच्या कडेला गेली. त्या अनुभवावरून एकच गोष्ट सांगायची आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यात यादीत नाव असलेल्या प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळवणं हे शिक्षकाच्या मर्जीवर ठेवू नये. तो खेळाचा नियम असावा. गोल मोजतात तसा तो मोजावा. मी काही दुष्ट माणूस नव्हतो, माझ्यासारखे दुसरे सरही नव्हते, आणि तरी दर पावसाळ्यात कितीतरी मुलं कोरड्या जर्सीने घरी जात होती. चांगल्या माणसांच्या हातून वर्षानुवर्षं तेच घडत असेल, तर नियमच तपासायला हवा.

फुटबॉलमधला बदली खेळाडूचा नियम मुळात मुलांसाठी झालेलाच नाही. कित्येक दशकं या खेळात बदली खेळाडू नव्हताच. अकरा उतरले, त्यातला एखादा लंगडत बाहेर गेला, की उरलेल्या दहांनी सामना ओढायचा. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालविरुद्ध पेलेला आडवं करून जायबंदी केलं, आणि जगातला सर्वांत मोठा खेळाडू लंगडत मैदानात राहिला, कारण त्याच्या जागी दुसरा पाठवायची सोय नव्हती. इंग्लंडच्या लीगमध्ये त्याच्या आदल्या वर्षी, १९६५ मध्ये, जखमी खेळाडूच्या जागी एक बदली मान्य झाला होता. २१ ऑगस्टला चार्लटनचा कीथ पीकॉक जखमी गोलरक्षक बाहेर गेल्यावर उतरला. तो त्या लीगमधला पहिला बदली. विश्वचषकात ही सोय आली १९७० मध्ये, मेक्सिकोत. तेव्हा दोन बदली होते. १९९५ मध्ये तीन झाले. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, तात्पुरते म्हणून पाच केले आणि २०२२ मध्ये ते पाच कायम झाले.

या सगळ्या बदलांमागचा प्रश्न एकच होता : संघाची अडचण कशी दूर करायची? जखम, दमणूक, डावपेच, गर्दीचं वेळापत्रक. कडेला बसलेल्याला खेळायला मिळावं म्हणून यातला एकही बदल झाला नाही, आणि मोठ्यांच्या खेळात तसा तो व्हावा असं माझंही म्हणणं नाही. तिथे कडेला बसण्याचा पगार मिळतो. कुरकुंभच्या त्या बाईच्या मुलाला कशाचा पगार मिळत होता?

नियम करणाऱ्यांना हा फरक थोडा कळला आहे. फुटबॉलच्या तिसऱ्या नियमात मुलांच्या, ज्येष्ठ खेळाडूंच्या, दिव्यांगांच्या आणि तळागाळातल्या सामन्यांसाठी एक सवलत आहे. बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. राष्ट्रीय संघटनेने परवानगी दिली की झालं. ही सवलत चांगलीच आहे. पिंडरीत गोळा आलेला पोरगा बाहेर यायला तयार होत नाही, कारण एकदा बाहेर आलं की संपलं, हे त्याला ठाऊक असतं. परत जाता येणार असेल तर तो आपणहून सांगतो, "सर, दोन मिनिटं." डोक्याला मार लागलेलं मूल तर घाईने आत ढकलायचंच नसतं. मोठ्यांच्या खेळातही आता डोक्याच्या दुखापतीसाठी वेगळा जादा बदली देता येतो. मुलांच्या बाबतीत तर अशा सोयीला पर्यायच नाही.

पण नुसती परवानगी दिली की काय होतं, ते मी पाहिलं आहे. एका बाजूला वसतिगृहाची शाळा. अठरा मुलं, अठरा जोड बूट, स्वतंत्र प्रशिक्षक. दुसऱ्या बाजूला वाडीवरची शाळा. कशीबशी बारा मुलं, त्यातली दोन अनवाणी. बदली हवे तितके, परत येणंही मान्य. मग मोठ्या शाळेचा चपळ मुलगा सात मिनिटं पळतो, बाहेर येऊन पाणी पितो, दम खातो आणि ताजा होऊन परत आत जातो. तो बाहेर असताना त्याच्यासारखाच दुसरा आत असतो. वाडीवरची मुलं उत्तरार्धात कमरेवर हात ठेवून उभी राहतात. आणि त्या अठरातले शेवटचे पाच? ते तसेच बसलेले. म्हणजे हवे तितके बदली करायची मोकळीक बसलेल्याला उठवत नाही, पळणाऱ्याला आणखी पळवते. ज्याच्याकडे जास्त आहे त्याचंच फावतं.

बंधन घातलं की हेच चित्र उलटं होतं. अठरांपैकी प्रत्येकाने अर्धा सामना खेळलाच पाहिजे म्हटलं, की मोठ्या शाळेला आपली शेवटची पाच मुलंही उतरवावी लागतात. तिची मोठी यादी हे समोरच्याला दमवायचं हत्यार राहत नाही. बारा मुलं घेऊन आलेल्या शाळेला निम्मा सामना असा मिळतो, की समोर तिच्यासारखीच कच्ची-पक्की पोरं आहेत. दुबळ्या मुलाला न्याय आणि दुबळ्या शाळेला न्याय, या दोन्ही गोष्टी एकाच नियमाने साधतात. मला हे कळायला फार वर्षं लागली.

"हे जमणार कसं? सामन्याचा खेळखंडोबा होईल," असं बैठकीत नेहमी ऐकू येतं. म्हणून हिशेब मांडतो. वीस-वीस मिनिटांचे दोन भाग धरा. अकरा जागा गुणिले चाळीस मिनिटं, म्हणजे खेळायला मिळणारी एकूण ४४० मिनिटं. यादीत सोळा मुलं. प्रत्येकाला अर्धा सामना, म्हणजे वीस मिनिटं द्यायची, तर ३२० मिनिटं लागतात. उरली १२०. ती सरांच्या मर्जीची. त्यांनी आपली सहा हुकमी मुलं पूर्ण चाळीस मिनिटं खेळवावीत. उरलेल्या पाच जागांवर दहा मुलं, पाच पूर्वार्धात आणि पाच उत्तरार्धात. हिशेब चोख बसतो. गोलरक्षक आणि कर्णधार दोघेही पूर्ण वेळ आत राहू शकतात.

आणि बदली किती लागले? पाच. तेही मध्यंतरात. म्हणजे मोठ्यांच्या नियमात जे पाच आहेत, तेवढ्यातच सोळाही मुलं खेळून होतात. पंचाला खेळ थांबवावा लागत नाही, कुणी मुद्दाम रेंगाळत मैदानाबाहेर जाऊन वेळ काढू शकत नाही, आत जाणाऱ्याने मध्यरेषेपाशी खोळंबायला नको. गुणलेखकाने मध्यंतरात यादीवर खुणा करायच्या आणि न खेळलेली नावं मोठ्याने वाचायची. ती सगळी दुसऱ्या भागाच्या शिट्टीला आत. याला कागद एकच लागतो आणि तो टेबलावर आधीपासून असतोच. अठरा मुलांची यादी असेल तर सात बदली लागतील आणि चार मुलं पूर्ण वेळ खेळतील. तेही जमतं.

जो मुलगा सरावालाच येत नाही, त्यालाही अर्धा सामना द्यायचा का, असं विचारतात. त्याचं नाव यादीत घालू नका. यादी करणं तुमच्या हातात आहे. पण नाव घातलंत, जर्सी दिलीत, पहाटे पाचला त्याला उठवून चौफुल्यापर्यंत आणलंत, की तो खेळणार. यादी फुगवायची, मुलांना मिरवायला न्यायचं आणि कडेला बसवायचं, हे या नियमाने आपोआप बंद होईल. कुणाची यादी सोळाची चौदा झाली तर होऊ दे. जे चौदा येतील ते खेळून जातील.

प्रमाणपत्राचा मुद्दाही इथलाच. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे यादीतल्या नावाला घराघरांत मोल आहे. एकही मिनिट न खेळलेल्या मुलाच्या हातात 'खेळाडू' असं छापलेला कागद येतो, तेव्हा त्याला त्यातून काय कळतं? नाव कागदावर असलं की पुरे, मैदानावर नसलं तरी चालतं. तेराव्या वर्षी मुलाला हे शिकवू नये.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. मुलांना हरायला-जिंकायला शिकवायचं नाही का, आणि गुणवान मुलाला मागे का ओढता? मी याचं उत्तर वयात शोधतो. तेराव्या वर्षी एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. वयोगटाची रेषा एका तारखेला ओढलेली, त्यामुळे जवळजवळ वर्षभराचं अंतर असलेली मुलं एकाच गटात येतात. कॅनडातल्या रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं, की आइस हॉकीच्या वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुलं कितीतरी जास्त असतात. ती मुळात सरस होती म्हणून नव्हे. लहानपणी चार-सहा महिन्यांनी मोठी होती, म्हणून आधी निवडली गेली, मग जास्त खेळली आणि खेळून सरस झाली. आपल्या गावांत तर ती तारीखही भरवशाची नसे. आमच्या पिढीत गुरुजींनी निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून लावलेला.

तेव्हा तेराव्या वर्षी आपण ज्याला गुणवान म्हणतो, तो बऱ्याचदा फक्त आधी वाढलेला असतो. मी स्वतः मुलं निवडताना उंची बघायचो, दूर लाथ कोण मारतो ते बघायचो. ज्यांना मी बसवलं त्यांतले दोघे-तिघे सतराव्या वर्षी ताडमाड झाले, पण तोवर त्यांनी फुटबॉल सोडला होता. कडेला बसून कुणाला चेंडू अडवता येत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव क्रीडा प्रबोधिनीतून पुढे येऊन २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याचं उदाहरण देऊन लोक म्हणतात, निवडकांनाच घडवा. पण कोल्हापुरात फुटबॉल आहे तो पेठापेठांत आणि तालमीतालमींत. तिथे पोरं गल्लीत दिवसभर खेळतात, कोणी कोणाला बसवत नाही. वरचा एक हवा असेल तर खाली हजारांचे पाय चेंडूला लागावे लागतात.

बाहेर हे लोकांनी करून पाहिलं आहे. अमेरिकेत १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'आयसो' या युवा सॉकर संघटनेचं पहिलंच तत्त्व आहे, सगळे खेळणार, आणि किमान अर्धा सामना. नॉर्वेने १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी वेगळे नियम केले. तिथे लहान वयात गुणतक्ते लावत नाहीत. जर्मनीने २०२४-२५ पासून लहान मुलांसाठी छोट्या मैदानावरचे, चार छोट्या गोलांचे खेळ लागू केले. त्यात गोल झाला की दोन्ही बाजूंचा एकेक खेळाडू बदलतो. प्रशिक्षकाने ठरवायचं काही उरतच नाही. या तिन्ही देशांत फुटबॉलचं किंवा खेळाचं काही वाटोळं झालेलं नाही.

पण मला खरा आधार वाटतो तो आपल्याच खेळांचा. लहान भावंडाला खेळात घ्यायचं, पण ते बाद होऊन रडेल, म्हणून पोरांनी कच्चं लिंबू काढलं. ते पळतं, शिवतं, त्याच्यावर राज्य येत नाही. क्रिकेटला पोरं विषम झाली तर उरलेला 'कॉमन', दोन्हीकडून बॅटिंग. मोठ्या माणसाने हे नियम शिकवलेले नाहीत. कुणाला घरी पाठवायचं नाही, एवढं ठरवूनच पोरांनी ते केले. हुतूतूत तर बाद झालेल्या गड्याचं काय करायचं, याची तीन वेगवेगळी उत्तरं होती. गामिनीत बाद झालेला सगळे बाद होईपर्यंत बाहेर. अमरमध्ये बाद झाला तरी तो मैदानातच, फक्त गुण मोजायचा. संजीवनीत आपल्या गड्याने समोरचा मारला की आपला एक उठून आत. आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे. बाहेर गेलेला परत आत येतो, यात तिची सगळी चुरस आहे. आणि कबड्डी काही मिळमिळीत खेळ झाला नाही. बाहेरच्याला आत घेणारा नियम आपल्याकडे कुणाला नवा वाटायला नको.

नुसता नियम बदलून भागणार नाही, हेही मान्य करतो. आमच्या तालुक्याच्या स्पर्धा बाद पद्धतीच्या. पाऊस, परीक्षा, मैदानांची टंचाई, सगळं एक-दोन दिवसांत उरकायचं असतं. सकाळी नऊला हरलेली शाळा दहाला परतीच्या टमटममध्ये. वर्षातला स्पर्धेचा सगळा फुटबॉल चाळीस मिनिटांत संपला. अशा सामन्यात कुठलाही सर आपल्या अकरांना घट्ट धरून बसणार, मीही बसलो. चार शाळांचा गट करून प्रत्येकीला तीन सामने मिळाले, सामना पंधरा-पंधरा मिनिटांचा झाला तरी चालेल, तर हात आपोआप सैल सुटतील.

मुलींचं चित्र वेगळं आहे. तिथे कडेला बसवायला मुलीच नसतात. नऊ जणी येतात, दहा येतात. सातपेक्षा कमी असतील तर सामना होतच नाही, एवढं नियम सांगतो. सात ते अकराच्या मधल्यांचं काय, ते सांगत नाही. शिरूर तालुक्यात नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने दिवेलागणीच्या आत मुली घरी हव्यात. सराव शाळा सुटल्यावर तासभर, कधी तोही नाही. अशी नऊ मुलींची शाळा आली तर समोरच्यांनीही नऊच उतरवाव्यात आणि आपल्या बाकीच्या मुली मध्यंतरात आलटून पालटून आत घ्याव्यात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या शाळांत बंगाल-ओडिशाकडच्या कामगारांच्या मुली आहेत. चेंडू त्यांना आपल्या मुलींपेक्षा जास्त कळतो. त्या एका शाळेत जास्त होतात, दुसरीकडे एकही नसते. कॉमनचा नियम मला इथे परत आणावासा वाटतो, निदान सरावाच्या सामन्यात.

वरच्या पातळीवर माझा हट्ट नाही. विभागीय आणि राज्य सामन्यांत, सतरा वर्षांखालच्या गटात, प्रशिक्षकाने हवा तो संघ खेळवावा. तिथे पोचलेल्या मुलाला बसण्याचा अर्थ कळतो. चौदा वर्षांखालचे तालुक्याचे आणि जिल्ह्याचे सामने, एवढंच मी मागतो. किती मुलं खेळली, ही मोजणी आपल्या राज्याने एकदा केलेलीही आहे. १५ सप्टेंबर २०१७ ला, विश्वचषक भारतात येणार म्हणून, महाराष्ट्रात एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असं ठरलं. शाळांना चेंडू वाटले. त्या दिवशी कोण जिंकलं ते कुणी विचारलं नाही, किती खेळले तेवढंच विचारलं. ते चेंडू पुढे फाटले. ती मोजणी चालू ठेवायला पैसे लागत नव्हते.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी शेजारच्या शाळेच्या सरांशी बोलून आम्ही मैत्रीचा सामना लावला. ठरलं एवढंच, की मध्यंतरात दोघांनीही पाच बदलायचे आणि यादी एकमेकांच्या हातात द्यायची. आमच्याकडे बूट अकराच जोड होते. मध्यंतराची शिट्टी झाली तशी बाहेर आलेली पाच मुलं चिखलात खाली बसली आणि नाड्या सोडायला लागली. ओल्या नाड्यांच्या गाठी सुटेनात, एकाने दातांनी सोडवली. समोर पाच जण एकेक पाय पुढे करून बसलेले. एकाला बूट सैल होता. काढणाऱ्याने आपले ओले मोजेही काढून त्याला दिले, वर "अंगठ्याकडे कोंब" म्हणाला, आणि स्वतःच्या हाताने त्याची नाडी आवळून दिली. मग अनवाणीच कडेला येऊन उभा राहिला आणि आपले बूट कुठे पळताहेत ते बघत ओरडायला लागला.